दुखणं डोळ्यांच्या मागे होतं

माझ्या डोक्यात एक गाठ आहे. आता ती बरीच आक्रसली आहे, पण आहे. तिच्यासकट मी स्वयंपाक करते, मोसंबीच्या बागेत जाते, एस.टी.नं एकटी जालन्याला जाऊन येते. ज्या बायकांचं डोकं रोज दुखतं आणि ज्यांना घरात 'डोकं तर सगळ्यांचंच दुखतं' असं उत्तर मिळतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. औषधांची नावं मी लिहिणार नाही, ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची असतात. काय झालं तेवढं सांगते.

पांढरी गोळी

लग्न होऊन वडीगोद्रीला आले तेव्हा मला कसलंच दुखणं नव्हतं. मिस्टरांचं हमरस्त्यावर पाईप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान, मागे शेती. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. नव्वद सालानंतर कधीतरी डोकं दुखायला लागलं. आधी अधूनमधून, मग रोज. दुखणं कपाळात नसायचं. डोळ्यांच्या मागे असायचं, आतून कुणी अंगठे रोवून बसल्यासारखं. सकाळी जाग यायची तेव्हा ते माझ्या आधी उठलेलं असायचं.

गावातल्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं. अंबडच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळ्या घराला ठसका लागला, म्हणून दृष्ट नाही असं ठरलं. मग किराणा दुकानात मिळणारी पांढरी गोळी सुरू झाली. सकाळी एक, मग दुपारीही एक. पुढं पुढं चहाच्या डब्याशेजारीच पाकीट असायचं.

दुखण्याची सवय होते असं म्हणतात. मला तसा अनुभव नाही. झालं असं की दुखणं तेवढं जवळ राहिलं आणि बाकी सगळं लांब गेलं. कुणी हसलं तर ते हसतंय एवढं कळायचं. कुणी रागावलं तर तेही कळायचं. माझ्यापर्यंत काही पोचायचं नाही.

जे कुणाला सांगितलं नव्हतं

लग्नाला पुष्कळ वर्षं होऊनही मूलबाळ नव्हतं. त्यातच पाळी लांबायला लागली. पहिल्यांदा दोन महिने चुकली तेव्हा आत्याबाईंनी शिरा केला होता आणि मिस्टर दुकान लवकर बंद करून आले होते. तसं काही नव्हतं. पुढे पाळी बंदच झाली आणि त्यावर कुणी बोलेनासं झालं.

मग अंगावर दूध यायला लागलं.

हे लिहिताना अजून हात थांबतो, पण हे गाळलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. लेकरू नसलेल्या बाईला दूध येत होतं. ब्लाऊजच्या आत मी जुन्या धोतराच्या घड्या घालायची आणि त्या न्हाणीत आतल्या दोरीवर वाळवायची. कुणाला कळलं तर हिला बाहेरचं काही झालंय असंच म्हणतील, हे मला पक्कं माहीत होतं. डोकं हे वेगळं दुखणं, पाळी वेगळी आणि हे तिसरंच काहीतरी, असं मी धरून चालले होते.

आणखी एक होतं, त्याला तर मी दुखणंसुद्धा समजत नव्हते. दाराची चौकट खांद्याला लागायची. ताटाच्या कडेची वाटी हाताच्या धक्क्यानं पडायची. बागेत फांदी गालावर ओरखडा काढायची. घरात मला धांदरट म्हणायचे. मलाही ते पटलं होतं.

रस्ता

एका दुपारी मिस्टरांचा डबा घेऊन निघाले. दुकान रस्त्याच्या पलीकडे. कडेला उभी राहिले, समोर पाहिलं, रस्ता मोकळा दिसला आणि पाऊल टाकलं.

मग ब्रेकचा आवाज झाला. ट्रक माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. इंजिनाची गरम हवा तोंडावर आली. ड्रायव्हर दार उघडून ओरडला, "मरायचं आसंल तर दुसरी गाडी बघ ना बाई!"

मिस्टर दुकानातून धावत आले. माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. "काय करून राह्यली तू? हां? काय करून राह्यली?"

डब्यातली भाजी सांडली नाही ना, ते मी पाहत होते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की लेकरू होत नाही म्हणून ही ट्रकखाली जात होती. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. खरं तर कुणी विचारलं असतं तरी मला उत्तर देता आलं नसतं. एवढा मोठा ट्रक दिसला नाही असं कसं होईल? मग मी मनात म्हटलं, लोक म्हणतात तसंच असेल. मला मरायचंच असेल. असा विचार आला की भीती वाटायला पाहिजे. मला ती वाटली नाही.

मागणी

मला माहेरी पाठवलं. माहेर राजूरजवळच्या एका खेड्यात. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली. घरात आई-वडील आणि धाकटी बहीण मंगल. ती नुकतीच बारावी झाली होती.

थोड्याच दिवसांनी मिस्टर आणि आत्याबाई राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन आमच्याकडे आले. आत्याबाईंनी प्रसाद आईच्या हातात दिला आणि ओसरीवर बसून सरळच विषय काढला.

"हिला आम्ही टाकून देत न्हाई. ही राहीन घरात, हिचं सगळं बराबर करू. पर घराला लेकरू पाहिजे ना. तुमची मंगल हाये. परकी आणण्यापरीस घरातलीच बरी. दोघी बहिणी मिळून नांदतीन."

आईनं प्रसाद देवापाशी नेऊन ठेवला. वडील उठून बैलाकडे गेले. मिस्टर खाली मान घालून नखानं सतरंजीचा दोरा उकरत होते. मी त्यांच्यासमोरच तांदूळ निवडत बसले होते, ते निवडत राहिले. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हटलं असतं.

मंगल दाराआड उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन हौदावर गेली आणि तशीच परत आली. हातात माझा ब्लाऊज.

"ताई, हे काय हाये?"

"काही न्हाई."

"हे दूध हाये, ताई. खळ घातल्यावानी कडक झालंय. कवापासून येतंय?"

"लई दिवस झाले."

"कोणाला सांगितलं?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती माझ्या शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आणि आणखी एक. तू आल्यापासून बघून राह्यले मी. बाजूनं कोणी आलं तर तुला कळतच न्हाई. आत्ता मी इथं येऊन उभी होते, तू वळून पाहिलंस का? एकदम दचकलीस."

मग ती वडिलांकडे गेली. "दादा, ताईचं डोकं जालन्याला दाखवायचं. मी नेते." दादा म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. ती म्हणाली, "न्हाई. उद्या."

विचारणारे डॉक्टर

जुन्या जालन्यात धान्याच्या ठोक दुकानांच्या गल्लीत एका माडीवर त्यांचा दवाखाना होता. खाली पोती उतरवायचं काम चालू होतं, धूळ वरपर्यंत येत होती. डॉक्टर वयस्कर, आवाज बसका. मी म्हटलं, "डोकं दुखतं." आजवर एवढं म्हटलं की समोरचा डॉक्टर लिहायला लागायचा. ह्यांनी पेन खाली ठेवलं.

"कुठं दुखतं? बोट ठेवून दाखवा."

"डोळ्यांच्या मागं."

"ठोके पडल्यासारखं का दाबल्यासारखं?"

"दाबल्यासारखं. आतून."

"सकाळी जास्त का संध्याकाळी?"

"सकाळी उठल्याबरोबर."

"वाकलं, शिंकलं की वाढतं? उलटी होते?"

मी एकेक सांगत गेले. गोळ्या किती खाते हेही सांगितलं. ते म्हणाले, "रोजच्या रोज गोळी खाल्ली की मग गोळीच डोकं दुखवायला लागते, बाई. पण तुमचं एवढ्यावरच आहे असं वाटत नाही. पाळी बराबर येते?"

मी खाली पाहिलं. तेव्हा मंगल बोलली. "बंद हाये, डॉक्टर. आणि हिला अंगावर दूध येतं. लेकरू न्हाई, तरी येतं."

मला वाटलं, आता हे आम्हाला हाकलून देतील. डॉक्टरांनी ताप किती दिवसांपासून आहे हे विचारावं तसं विचारलं, "कधीपासून?"

मग ते खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसले. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बाजूनं बोट येईल. दिसलं की सांगा."

मी त्यांच्या नाकाकडे पाहत राहिले.

"दिसलं?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

मंगलच्या हातातली पिशवी खाली पडली. बोट जवळजवळ त्यांच्या गालापाशी आलं तेव्हा मला दिसलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

डॉक्टरांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "रस्त्यानं जाताना कधी गाडी अंगावर आली होती का?"

"आल्ती," मी म्हटलं.

त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या खालच्या अंगाला वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ झाली आणि ती वर वाढली की समोरचं दिसतं आणि दोन्ही बाजूंचं जातं. तिच्यामुळेच पाळी जाते, दूध येतं. "हा माझा अंदाज. रक्त तपासल्याशिवाय आणि डोक्याचा फोटो काढल्याशिवाय पक्कं म्हणणार नाही. औरंगाबादला जा, मी चिठ्ठी देतो. पण जल्दी करा. नजर एकदा पुरती गेली तर परत येईलच असं नाही. नवऱ्याला बोलावून घ्या."

जिना उतरताना मी मंगलच्या खांद्यावर हात ठेवला होता. ती रडत होती. मला भूक लागली होती. आम्ही स्टँडवर पोहे खाल्ले. म्हणजे मी खाल्ले, ती माझ्याकडे पाहत बसली.

फोटो

औरंगाबादला मिस्टर आले. मशीनमध्ये झोपवताना तिथला माणूस म्हणाला, बिलकुल हलायचं नाही. मला ते अवघड गेलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि पेनाच्या टोकानं एक गोल दाखवला. "ही गाठ. बोराएवढी आहे. कॅन्सर नाही." ते पुढे बरंच बोलले. मला भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं हिरवं शेत आठवतं. त्या शेतात पीक कसलं होतं ते मी ओळखायचा प्रयत्न करत होते.

मिस्टरांनी विचारलं, "ऑपरेशन करावं लागन का?"

"आधी गोळ्या देऊन पाहू. ह्या जातीची गाठ पुष्कळदा गोळ्यांनीच आक्रसते. नजर सुधारली नाही तर नाकातून ऑपरेशन करू. आज दाखल करून घेऊ."

"आणि हिला बाजूचं दिसत न्हाई म्हणता, ते किती दिवसांपासून आसंल?"

"हळूहळू गेलेलं असतं. माणसाला स्वतःला कळत नाही. वर्षभर तरी असेल."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मिस्टर बराच वेळ हात चोळत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मंग त्या दिवशी तुला ट्रक दिसलाच न्हाई?"

"दिसलाच न्हाई."

"मला वाटलं..." म्हणाले आणि थांबले. ते वाक्य मला पुरं करावंसं वाटलं नाही, त्यांनीही केलं नाही. मलाही तेच वाटलं होतं, हे मी त्यांना फार वर्षांनी सांगितलं.

वॉर्ड

पहिल्या गोळीपासून मळमळ सुरू झाली. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा न्हाणीघराच्या दारात पडले. सिस्टरांनी शिकवलं की आधी पाय खाली सोडून बसायचं, मग धरून उठायचं. गोळी खाल्ल्याबरोबर पोटात काहीतरी पाहिजे, म्हणून मंगल बाजरीच्या भाकरीचे वाळलेले तुकडे उशाशी ठेवायची. दवाखान्याचा वरणभात टिकायचा नाही, तो तुकडा टिकायचा.

रोज सकाळी डॉक्टर यायचे, बोटं दाखवायचे, पुढच्या कॉटकडे जायचे. 'अजून तसंच' हे शब्द मी पुष्कळदा ऐकले. ऑपरेशनचं बोलणं निघायला लागलं. मंगल त्या बोलण्यानं भेदरून जायची. मी माझ्या पायाच्या बोटांकडे पाहत बसायची. कुणी घाबरून घेत असेल तर ते काम मी त्यांच्यावर सोडलं होतं.

शेजारच्या कॉटवर एक म्हातारी होती, तिच्या डोक्यात पाणी झालं होतं. घरी शेळ्या होत्या तिच्या. दिवसभर ती त्यांच्याविषयी बोलायची. कोणती मारकी, कोणती दोन करडं देते, कोणती घरच्या माणसाचा आवाज ओळखते. तिला उत्तर लागायचं नाही. येणारा प्रत्येक जण माझ्याकडून काहीतरी उत्तर मागत असताना ही एकच बाई काही मागत नव्हती. तिच्या बोलण्यात मला झोप लागायची.

त्यातच एकदा आत्याबाई आल्या. माझ्या पायाशी बसल्या, डबा उघडला, चौकशी केली. मग मंगलकडे वळल्या. "हिचं तर आता दवाखान्याचंच झालं. तू मनावर घेतलं तर घर उभं राहीन, बाई."

मिस्टर दारात उभे होते. मंगलनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आत्याबाई, मी हिची बहीण हाये. हिच्या घरी मी हिला भेटायला येईन, दिवाळीला येईन, बोलावलं तर कामाला येईन. नांदायला येणार न्हाई. एकदा विचारलं ते विचारलं, परत कामून विचारता?"

वॉर्डातल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. शेळ्यावाली म्हातारीसुद्धा गप्प झाली. मिस्टर पुढे आले, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "आई, चल. गाडीचा टाइम झाला." जाताना ते थांबले आणि मंगलला म्हणाले, "हा विषय संपला. मी सांगतो घरी." हे त्यांनी ओसरीवर म्हणायला पाहिजे होतं. पण म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी कॉटवर बसून समोरच्या खिडकीकडे पाहत होते. मंगल दारातून आत आली. दार माझ्या उजव्या अंगाला होतं.

"ही निळी साडी कोणाची नेसलीस?" मी विचारलं.

ती जागच्या जागी थबकली. "ताई, तू मान वळवली न्हाई."

मी खिडकीकडेच पाहत होते. तिथे निळा रंग होता, कडेला, धूसर, पण होता. मंगल पळतच सिस्टरांना बोलवायला गेली. मी तशीच बसून राहिले, मान हलवली तर तो रंग जाईल अशा धाकानं. किती दिवसांनी मला कशाची तरी भीती वाटली होती.

नंतरचं

ऑपरेशन लागलं नाही. डोकं दुखणं कमी कमी होत गेलं. पांढऱ्या गोळ्या सोडल्या तेव्हा काही दिवस उलट वाढलं, मग गेलं. दूध थांबलं. पाळी परत आली. डाव्या बाजूचं वरच्या कोपऱ्यातलं अजूनही नीट दिसत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना मी पूर्ण मान वळवते. मंगलचं पुढे भोकरदनला लग्न झालं, तिला दोन मुलं आहेत.

मला लेकरू झालं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण असल्या हकिकतींच्या शेवटी लेकरू होतं आणि वाचणारीला वाटतं, आपल्यालाही होईल. डॉक्टर म्हणाले होते की होऊ शकतं, पण त्या काळात गाठ वाढते का यावर लक्ष ठेवावं लागेल. मिस्टर म्हणाले, "राहू दे." मी म्हटलं, बघू. आम्ही काही वर्षं वाट पाहिली. मग वाट पाहणं कधी थांबलं ते आठवत नाही.

डोकं दुखणाऱ्या बहुतेक बायकांना असलं काही नसतं, हे जुन्या जालन्याच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. कुणाला चष्मा लागतो, कुणाच्या अंगात रक्त नसतं, कुणाचं अर्धं डोकं दुखायची खोड असते. उगीच घाबरू नका. फक्त डॉक्टरांपुढे बसलात की डोक्याचं तेवढंच सांगून उठू नका. ज्याचा डोक्याशी संबंध नाही असं वाटतं, जे सांगायची लाज वाटते, तेही सांगा.

आता बायका माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतली एक सून आली, कपाळाला फडकं बांधून. मी तिला विचारत गेले. कुठं दुखतं, कधी, दिसतं कसं. पाळीचं विचारलं तेव्हा ती आत्याबाईंकडे पाहायला लागली. आत्याबाई आता थकल्या आहेत. भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, आपण आत जाऊन बसू.

तेवढ्यात आत्याबाई खाली पाहतच म्हणाल्या, "सांग, बाई. माझ्यापुढं सांगितलं तरी चालतं. आमच्या हिला आम्ही कोणी इचारलंच न्हाई. ही आंधळी व्हायला लागल्ती, आन् मी हिच्या बहिणीला मागणी घालत फिरत होते."

त्यांनी लसणाचं टरफल फुंकून उडवलं आणि पुढची पाकळी घेतली. इतक्या वर्षांत हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, तेही दुसऱ्याच बाईला. मला काही वाटतंय का, ते मी पाहिलं. वाटत होतं. आत्याबाईंच्या पुढ्यातला लसणाचा एक गड्डा सोलायला घेतला आणि त्या सुनेला म्हटलं, "सांग."